गोटा

पहिल्यांदा गेले ते रोडगे.
आठ रोडगे, गोवरीच्या आरातून नुकते काढलेले.
मी वांग्याच्या भाजीकडे पाठ वळवली तेवढ्यात
फडक्यावर नुसती राख,
आणि राखेत एक ओलं नाक उमटलेलं.

मग ढेप.
सरकीची ढेप कुत्रं खातं का कधी?
बोंड्या खातो.
गायीच्या टोपल्यात तोंड घालून, तिच्या खांद्याला खांदा लावून,
आणि गायही सरकून घेते थोडी,
पंगतीत उशिरा आलेल्याला द्यावी तशी जागा देते.

मी शिंकं बांधलं.
भाकरीच्या टोपल्यावर परात, परातीवर वरवंटा.
दुधाचा गंज फळीवर, फळीला दोरी, दोरीला गाठ.
कढी घ्यायची तर आधी गाठ सोडा.
सासरे म्हणाले, "चोर आंगनात मोकळा
अन् आपन सारे कुलपात."

उईके डॉक्टर म्हणाले, तोलून आणा.
नेवारेच्या कापसाच्या काट्यावर
पोत्यात घालून बसवला त्याला, फक्त डोकं बाहेर.
एकतीस किलो.
"ओलावा धरून," नेवारे बोलला,
आणि सवयीनं एक किलो कापला.

मग वाटी ठरली.
एक सकाळी, एक दिवेलागणीला, मधात काही नाही.
दाराच्या मागे खडूनं रेघा ओढल्या मी
दूधवाल्यासारख्या.
महिन्यानं पुन्हा काट्यावर नेला:
साडेबत्तीस.

त्या रात्री दिवा न लावता चुलीपाशी बसून राहिले.
सासऱ्यांचा हात खाटेखाली गेला, भाकरीचा काठ घेऊन.
प्रणयनं बिस्किटाचा अर्धा तुकडा
"पडला" असं हळूच म्हणून पाडला.
आणि आमचे हे, देवानंदराव,
"मले कुत्र्याची जातच आवडत नाई" म्हणणारे,
ताट मोरीत नेताना वाटेत थांबले,
बराच वेळ थांबले.

हसू आलं. मग आठवलं,
भात शिजला का पाहताना माझ्या चमच्यातून
दोन शितं खाली सांडतात.
चुकून.
रोज चुकून.

दुसऱ्या दिवशी पथ्य घराला लागलं.

तरी त्याचं खाणं बघवत नाही.
वाटी जमिनीला टेकायच्या आत निम्मी संपलेली,
घास नाहीच, नुसतं गिळणं, ठसका, पुन्हा गिळणं,
डोळे दोन्ही बाजूंना.
कुणाकडं बघतो हा?
अंगणात तर चिमणीही नाही.

जिनिंगच्या फाटकाशी सापडला होता,
पुसाच्या थंडीत, रुईच्या कचऱ्यात.
सात पिल्लं आणि डालड्याच्या डब्याचं एकच झाकण,
कुणा हमालानं त्यात वरण ओतलेलं.
सातातलं एक आम्ही आणलं.
उरलेल्या सहांचं काय झालं
आम्ही विचारलं नाही.

तो अजून त्या झाकणापाशीच असेल.
अजून सहा तोंडं घासत असतील
त्याच्या तोंडाला.

नाल्यातून एक गोटा आणला मी,
धुतला, ताटलीच्या मधोमध ठेवला,
भोवती भाकरीचा काला.
आधी भुंकला त्याच्यावर.
मग जीभ वळवून, मान वाकडी करून
कडेकडेनं एकेक तुकडा काढायला लागला.
मध्येच थांबला. श्वास घेतला.
डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.
मग जरा सावकाश
पुन्हा खाली वाकला.

पोळ्यापर्यंत अठ्ठावीसवर आला,
नेवारेच्या काट्यानं, ओलावा धरून.

आज सकाळी ताटली रिकामी. गोटाही नाही.
शोधत गेले तर ढेपेच्या पोत्यामागे त्याचं दुकान:
प्रणयचा एक मोजा, शिंक्याची तुटकी दोरी,
आणि गोटा,
चाटून चाटून काळा तुळतुळीत झालेला.
सासरे खाटेवरून ओरडले,
"आता गोट्याले कुलूप लाव व सूनबाई!"

मी पदर खोचला, नाल्यावर गेले.
दुसरा आणला.
याहून थोडा जड.